तीन गोळ्यांचा पुरावा किती खरा?

घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. सोमवारी ७.४० ला निघालात, माजिवडा ते गायमुख झटक्यात पार. मंगळवारी ८ ला निघालात आणि मानपाड्यालाच अडकलात. बुधवारी पुन्हा ७.४०, पुन्हा रस्ता मोकळा. झालं, तुम्ही सगळ्यांना सांगत सुटता की ७.४० हीच खरी वेळ. पण या तीन दिवसांवरून तसं म्हणता येतं का? आजचा लेख याच प्रश्नावर आहे. फक्त उदाहरण थोडं वेगळं घेतलंय, रायफलच्या काडतुसांचं.

अमेरिकेत अनेक शिकारी आपली काडतुसं घरी भरतात. पितळी केस, प्रायमर, दारू आणि गोळी हे त्याचे चार भाग. दारूचं वजन किंवा गोळी किती खोल बसवायची हे थोडं थोडं बदलत जायचं, प्रत्येक प्रकाराच्या तीन गोळ्या कागदावर झाडायच्या आणि ज्याची भोकं सगळ्यात जवळ पडली तो प्रकार निवडायचा, अशी ही पद्धत. आपल्याकडे हे घरी करायची सोय नाही. काडतूस बनवायला शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो. रोडच्या बाजूला येऊरचं जंगल दिसत असलं तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच येत नाही. शिवाय दारू जरा चुकली तर दाब वाढून रायफल फुटू शकते. त्यामुळे इथे मापं सांगणार नाही, आपल्याला त्यातलं संख्याशास्त्र हवंय.

याच्या सगळ्यात जवळचं आपल्याकडचं उदाहरण नेमबाजीत सापडतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ असतं फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं. इथली पॉइंट टू टू काडतुसं पुन्हा भरता येत नाहीत, कारण प्रायमरचं मिश्रण केसच्या कडेतच असतं. म्हणून या प्रकारातले नेमबाज कारखान्यातून आलेले वेगवेगळे लॉट आपल्या रायफलमधून तपासतात आणि जो जुळेल तो जास्त प्रमाणात घेऊन ठेवतात. लॉट चुकीचा निवडला तर पैसे गेलेच, आणि पुढच्या स्पर्धाही त्याच काडतुसांवर खेळाव्या लागतात.

आता गणित बघू. समजा एका रायफलीचा विखुरलेपणा आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना सारखाच आहे, प्रमाण विचलन १० मिलिमीटर. ग्रुपचा आकार म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर. तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी २४ मिलिमीटर येतो, पाचचा ३१, दहाचा ३८. रायफल तीच, काडतूसही तेच. म्हणजे फक्त कमी गोळ्या झाडल्यामुळे निकाल चांगला दिसतो.

आणि २४ ही झाली सरासरी. प्रत्यक्षात तीन गोळ्यांचा एखादा ग्रुप १२ चा येईल, एखादा ३८ चा. आता दहा लॉट घ्या, सगळे अगदी एकसारखे, आणि प्रत्येकाच्या तीनच गोळ्या झाडा. पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकात दोन-तीन पटींचा फरक सहज दिसेल. तुम्ही म्हणाल, 'लॉट चार जबरदस्त आहे!' खरं तर लॉट चारची फक्त लॉटरी लागली.

वेगाचंही तसंच. पाच गोळ्यांच्या वेगाचं प्रमाण विचलन सेकंदाला ४ मीटर आलं, तर ९५ टक्के विश्वासानं एवढंच म्हणता येतं की खरं मूल्य साधारण २.४ ते ११.५ च्या मध्ये कुठेतरी आहे. वीस गोळ्या झाडल्या आणि तेवढंच विचलन आलं, तर हाच पट्टा ३ ते ५.८ वर येतो.

मग करायचं काय? चार गोष्टी सांगतो, तुमचा विषय रसायन असो की समाजशास्त्र.

एक, सगळा डेटा वापरा. ग्रुपचा आकार फक्त दोन भोकं बघतो, बाकीची वाया जातात. त्याऐवजी प्रत्येक भोकाचं मध्यापासूनचं अंतर मोजून सरासरी काढली, तर तेवढ्याच गोळ्यांत जास्त माहिती मिळते.

दोन, क्रम मिसळा. आधी लॉट एक पूर्ण, मग लॉट दोन, असं केलं तर तापलेली नळी, बदललेला वारा आणि दमलेला खांदा हे सगळं शेवटच्या लॉटच्या खात्यावर जमा होतं. प्रत्येकाची एकेक गोळी, क्रम चिठ्ठ्या टाकून.

तीन, जिंकलेल्याची परीक्षा पुन्हा घ्या, तीही नव्या डेटावर. दहांतून निवडलेला सर्वोत्तम दुसऱ्यांदा बहुतेक वेळा थोडा खाली येतोच. त्याच जुन्या तीन गोळ्यांवर विसंबून निष्कर्ष लिहू नका.

चार, किती नमुने घेणार हे आधीच ठरवून वहीत लिहा. मनासारखा ग्रुप आला की थांबायचं आणि नाही आला की 'ती एक गोळी माझ्या हातून हलली' म्हणून वगळायची, ही सवय प्रयोगशाळेतही असते. वगळायचंच असेल, तर नियम निकाल बघण्याआधी ठरवा.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. एक्सेलमध्ये सरासरी ० आणि विचलन १० असलेले रँडम आकडे घ्या, आडवा आणि उभा अशा जोड्या करा, तीन-तीन जोड्यांचे दहा ग्रुप बनवा आणि सगळ्यात लहान व सगळ्यात मोठा ग्रुप शोधा. मग तुमच्या प्रस्तावातला 'एन बरोबर तीन' पुन्हा एकदा बघा. गाईडनं विचारायच्या आधी तुम्हीच विचारलेलं बरं: हा फरक खरा आहे, की फक्त मोकळा मिळालेला सोमवार?