उगीच बदनाम झालेलं पोट

तोंडाला वास येतो म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय पोटावर. मग रात्री कोमट पाण्यातून त्रिफळा चूर्ण सुरू होतं. बिचाऱ्या पोटावरचा हा आळ बहुतेक वेळा खोटाच. अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ढेकर सोडली तर पोटातली हवा सहसा वर येत नाही. दहापैकी आठ-नऊ जणांत दुर्गंधीचं मूळ तोंडातच सापडतं, आणि तिथेही बहुधा जिभेच्या पार मागच्या भागात.

जिभेच्या खरखरीत पृष्ठभागावरच्या खाचांत अन्नाचे कण, मेलेल्या पेशी, नाकामागून उतरलेला चिकट स्राव साचत राहतो. ऑक्सिजनविना जगणाऱ्या जिवाणूंची तिथे चंगळ असते. ते प्रथिनं फोडतात. सिस्टीन आणि मेथिओनिन या अमिनो आम्लांत गंधक असतं. पहिल्यापासून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, दुसऱ्यापासून कुजक्या कोबीची आठवण देणारा मिथाइल मरकॅप्टन. हिरड्या सुजून त्यांत पू झाला असेल, तर हा दुसरा वायू जास्त. लाळ हे सगळं सतत धुऊन काढते, पण झोपेत ती आटते. सकाळचा वास त्यामुळेच. तोंड उघडं टाकून घोरणाऱ्यांना तो अधिक.

लसणाची गोष्ट निराळी. त्यातलं अलिल मिथाइल सल्फाइड शरीरात लवकर मोडत नाही. ते रक्तात उतरतं आणि फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर येत राहतं. म्हणजे ठेचा हाणल्यावर कितीही दात घासा, वास संध्याकाळपर्यंत सोबतीला. जेवणाबरोबर दूध किंवा कच्चं सफरचंद घेतल्यास मात्र तो बराच उतरतो.

कडक उपवासात शरीर चरबी जाळतं, तेव्हा श्वासाला ॲसिटोनचा गोडसर वास येतो. (एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यांना हे कारण सांगता येणार नाही!) मधुमेही माणसाच्या श्वासाला असा वास येऊन उलट्या, धाप सुरू झाली, तर थेट रुग्णालय गाठावं. मूत्रपिंडं निकामी झाल्यास वास अमोनियासारखा उग्र येतो.

स्वतःच्या वासाला नाक सरावतं, म्हणून खात्री करायला घरातलं स्पष्टवक्तं माणूसच हवं. आधी तोंड मिटून नाकाने श्वास सोडा, मग नाक दाबून तोंडाने. वास फक्त तोंडातून असेल, तर दंतवैद्य. फक्त नाकातून असेल, तर सायनस तपासायला हवेत. दोन्हींकडून येत असेल, तर कारण रक्तात किंवा फुप्फुसांत शोधावं लागतं.