सागरतळाची रोजकीर्द

राजापूर तालुक्यातील नाटे हे मासेमारीचे गाव. येथील मच्छीमाराचा हिशेब हंगामापुरता असतो: बांगडा किती लागला, तारली कुठे गेली. परंतु याच समुद्राने आपली रोजकीर्द लक्षावधी वर्षे लिहून ठेविली आहे. नाट्याच्या जवळजवळ सरळ पश्चिमेस, किनाऱ्यापासून सुमारे ४७५ किलोमीटरांवर, २०१५ साली ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ या जहाजाने तिची पाने वर काढली. साडेतीन किलोमीटरांहून खोल पाण्याखालचा तळ तेथे हजार मीटरांहून अधिक छेदण्यात आला.

अशा गाळात फोरामिनिफेरा नामक एकपेशीय जीवांची वाळूच्या कणाएवढी कवचे असतात. कवचातील ऑक्सिजनच्या प्रकारांवरून त्या काळच्या पाण्याचे तापमान अजमावता येते. कोणत्या थरात कोणती जात आहे, यावरून जीवसृष्टीचे काय झाले ते कळते. अरबी समुद्राच्या पश्चिम भागात नैर्ऋत्य मोसमी वारे जोमदार असले की खालचे थंड, पोषक पाणी वर येते आणि ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडिस’ ही जात विपुल होते. हिमयुगात हे वारे मंदावले, तशी तीही रोडावली.

‘हवामान पूर्वीही बदलतच होते’, असे म्हणून आजची चिंता झटकणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ही रोजकीर्द पुढे वाचावी. सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वी काही हजार वर्षांत पाच-सहा अंशांनी तापली. पृष्ठभागावरच्या कित्येक जाती ध्रुवांकडे सरकल्या; खोल तळाशी राहणाऱ्या फोरामिनिफेरांच्या मात्र ३० ते ५० टक्के जाती नामशेष झाल्या. हवामान पूर्ववत होण्यास दीड-दोन लाख वर्षे लागली. आज हवेत कार्बन मिसळण्याचा वेग त्या वेळेपेक्षाही कितीतरी अधिक आहे.

जीवसृष्टी सावरते, हे खरे. पण ती आपल्या सवडीने सावरते, माणसाच्या नव्हे. मासे सरकतील, नाटे गाव, तेथील घरे आणि होड्यांवरची कर्जे सरकणार नाहीत. म्हणूनच कोणता मासा कधी आला, कधी दिसेनासा झाला, याची नोंद किनाऱ्यावरच्या शाळा-महाविद्यालयांनी वर्षानुवर्षे नेमाने ठेवावयास हवी. एकपेशीय जीवाने मागे ठेविला तेवढा पुरावा सुशिक्षित समाजाने ठेवू नये, ही नामुष्कीच ठरेल.