आधी सावलीत, मग शेतात

श्रोतेहो, उतिसंवर्धनाचे केळीचे रोप बाटलीतून काढून कोणी थेट उन्हात लावीत नाही, हे रावेर-यावलच्या बागायतदारांना सांगायला नको. आधी हरितगृह, मग शेडनेटची सावली, आणि रोप तगले म्हणजे शेत. आज बोलायचे आहे संगणकाविषयी. पण रीत हीच आहे.

संगणकात एक कारभारी असतो. कोणत्या कामाला किती स्मृती द्यायची, कोणाची पाळी आधी, हे तो ठरवतो. त्याला कर्नल, म्हणजे गाभा, म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमध्ये लिहिलेला लिनक्सचा गाभा कोणालाही वाचायला खुला आहे. तो चालू असतानाच त्याला नवा भाग जोडता येतो. हेच मॉड्यूल. नवे यंत्र जोडले, की त्याची भाषा गाभ्याला कळावी म्हणून ते लिहितात.

आता अडचण पहा. साधा प्रोग्राम चुकला, तर तो एकटा बंद पडतो. मॉड्यूल चुकले, तर अख्खा संगणक थिजू शकतो. पडद्यावरचा शेवटचा संदेशही हाती लागत नाही. मग तो पुन्हा सुरू करा, पुन्हा वाट पहा. धुळ्याकडच्या एखाद्या खेड्यात घरी एकच जुना संगणक असलेला विद्यार्थी दिवसातून वीसदा हे करील, आणि शेवटी म्हणेल, हे काम आपल्याला जमायचे नाही. बुद्धी असते, पण वाट पाहण्यातच उमेद संपते.

यावर उपाय आहे. संगणकाच्या आत दुसरा लटका संगणक उभा करावा. फाब्रीस बेलार यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला क्यूईएमयू हा प्रोग्राम हे काम फुकट करतो. त्यात गरजेपुरताच छोटा गाभा ठेवला, तर तो काही सेकंदांत सुरू होतो. आतला संगणक कोसळला, तरी बाहेरचा शाबूत राहतो. आणि आतले संदेश बाहेरच्या खिडकीत येत असल्यामुळे चूक कोठे झाली ते वाचता येते.

दुसरे, प्रत्येक वेळी सगळा गाभा नव्याने बांधू नये. आपले मॉड्यूल तेवढेच बांधावे. तिसरे, बांधणे, लटका संगणक उठवणे, मॉड्यूल घालणे, तपासणे, या साऱ्या आज्ञा एकाच फाइलीत लिहून ठेवाव्यात, म्हणजे एका आज्ञेत फेरी पुरी होते. चौथे, जो भाग निव्वळ हिशेबाचा आहे, त्याची चाचणी वेगळी घ्यावी. त्यासाठी केयुनिट हे साधन २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. चूक होऊनही गाभा कधी कधी चालूच राहतो. त्यावर विसंबू नये. लटका संगणक नव्याने सुरू करावा. आत काय बिघडले असेल, ते वरून दिसत नाही.

शेवटी खऱ्या यंत्रावर जावेच लागते, कारण यंत्राच्या खोडी यंत्रावरच कळतात. सावलीतले रोप काही फळ देत नाही. पण तोवर बहुतेक चुका सावलीतच निघालेल्या असतात.

शिक्षकमित्रहो, मुलाला मॉड्यूल शिकवण्याआधी ही सावली उभारायला शिकवा. निर्धास्तपणे चुकता आले, म्हणजे मूल लवकर शिकते.