धुळीतली हॉकी, तुतीची स्टिक

हा भाग रेकॉर्ड केला तेव्हा माझ्या हातात एक जुनी हॉकी स्टिक होती. पुस्तकात ती दिसणार नाही, म्हणून सांगतो. लाकडी आहे, टाचेजवळ चिरलेली, चिरेवर औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी, आणि मुठीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा. परवा भाच्याने ती माळ्यावरून काढली आणि विचारलं, "मामा, ही एवढी जड कशी काय? आणि याने तुम्ही खेळायचात?" त्याची स्वतःची स्टिक फायबरची. त्याला उत्तर द्यायला बसलो आणि निम्मं बालपण सांगून झालं. उरलेलं आज तुम्हाला सांगतो.

आमचं मैदान

मी वाढलो दिल्लीत, सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. चारी बाजूंना क्वार्टर्सच्या रांगा आणि मधे मोकळा चौक, हेच आमचं स्टेडियम. गवत नावाला, बाकी धूळ. गोलपोस्ट म्हणजे दोन-दोन विटा. खेळायला पंजाबी, बंगाली, गढवाली, तमिळ, सगळे. मला सगळे 'ओए मराठे' म्हणायचे. स्टिकला कुणी स्टिक म्हणत नसे. "अपनी हॉकी ला," असंच म्हणायचे.

खेळ सुरू व्हायचा तो बुलीने. चेंडू मधे, दोघे समोरासमोर, आधी जमिनीवर टप, मग एकमेकांच्या स्टिकवर टप, असं तीनदा आणि मग झटापट. तेव्हा मोठे सामनेही असेच सुरू व्हायचे. आता मधून पास देऊन खेळ सुरू होतो आणि बुली क्वचित, खेळ मधेच थांबला तरच दिसते.

लाकूड, कातडं, वेत

आता स्टिकविषयी. चांगली स्टिक तुतीच्या लाकडाची. तुती चिवट असते, वाफेवर वाकवली तरी तुटत नाही. मुठीत वेत बसवलेला असायचा, म्हणजे चेंडू जोरात लागला तरी हाताला झिणझिण्या येत नसत. फाळणीच्या आधी या धंद्याचं मोठं केंद्र सियालकोट होतं. फाळणीनंतर तिथले बरेच कारागीर जालंधर आणि मेरठला आले. मेरठ दिल्लीपासून जवळ, त्यामुळे आमच्या स्टिका बहुतेक तिकडच्याच.

स्टिकची फक्त डावी, सपाट बाजू चेंडूला लावता येते. हा नियम आजही आहे. त्यामुळे चेंडू डावीकडून उजवीकडे घ्यायचा तर मनगट फिरवून स्टिक उलटी करावी लागते. जुन्या इंग्लिश स्टिकचं टोक लांब असायचं, ती पटकन उलटत नसे. आपल्याकडच्या कारागिरांनी ते टोक आखूड केलं आणि भारतीय ड्रिबलिंगला हत्यार मिळालं. मनगटाच्या जादूचं कौतुक आपण फार करतो, पण त्यातला थोडा वाटा सुताराचाही आहे.

नव्या स्टिकला जवसाचं तेल चोळायचं, चार-पाच दिवस मुरू द्यायचं, मगच मैदानात न्यायची. चेंडू कातडी, आत बूच आणि सुतळी. हिवाळ्यात दव पिऊन तो जड व्हायचा आणि नडगीवर बसला की आठवडाभर लंगडत चालायचं. गोलकीपरकडे वेताचे आणि कापसाचे पॅड, तेही कुणाच्या तरी काकांचे उतरलेले.

धूळ ही आमची खरी गुरू होती. मैदान उंचसखल, चेंडू कधी उसळेल सांगता येत नसे. म्हणून चेंडू स्टिकला चिकटवून न्यायचा, थांबायचं, मग हुलकावणी द्यायची. पुण्याजवळच्या खडकीत धनराज पिल्ले ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन असेच शिकले. पुढे ते चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळले.

बस पकडून शिवाजी स्टेडियम

मोठा खेळ बघायला आम्ही कॅनॉट प्लेसजवळच्या शिवाजी स्टेडियमवर जायचो. महाराजांचं नाव म्हणून मला ते उगाचच आपल्या घरचं वाटायचं. 1964 साली सुरू झालेली नेहरू हॉकी स्पर्धा तिथे भरायची. मोठ्यांचे संघ तर यायचेच, शाळकरी मुलांचेही सामने असायचे. जाळीला नाक लावलं की खेळाडूंचा श्वास ऐकू यायचा.

दुसरं मैदान इंडिया गेटजवळचं नॅशनल स्टेडियम. 1933 साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून ते उभं राहिलं. 1951 चे पहिले आशियाई खेळ तिथेच झाले आणि 2002 पासून त्याला ध्यानचंदांचं नाव आहे. 1982 च्या आशियाई खेळांचा अंतिम सामना तिथला. पाकिस्तानने आपल्याला 7-1 हरवलं. शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर चाळीस माणसं बसली होती. उठताना कुणी बोललं नाही. त्याच खेळांत आपल्या मुलींनी सुवर्ण जिंकलं, पण त्यासाठी चौकात कुणी फटाके वाजवल्याचं मला आठवत नाही. याची आज लाज वाटते.

हिरवा गालिचा

1975 मध्ये आपण क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलो. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि आपण सातवे आलो. 1928 नंतर पहिल्यांदा हॉकीत पदक नव्हतं.

टर्फने नेमकं काय बदललं? चेंडू उसळत नाही, सरळ आणि वेगाने जातो. चेंडू खाली राहावा आणि पडल्यावर कातडी सोलवटू नये म्हणून टर्फवर पाणी मारतात, एका सामन्याला हजारो लिटर. वेग वाढला तसं ड्रिबलपेक्षा पासला आणि दमाला महत्त्व आलं. कातडी चेंडूच्या जागी प्लॅस्टिकचा आला, लाकडाच्या जागी फायबर आणि कार्बन. तुतीवर आजही बंदी नाही, पण मोठ्या सामन्यात ती कुणी वापरत नाही.

आमच्या चौकात एक लेफ्ट-इन होता. आमच्या सगळ्यांत सरस. त्याला एका निवड चाचणीचं बोलावणं आलं. चाचणी टर्फवर होती. टर्फ त्याने फक्त जाळीबाहेरून पाहिलेलं. आदल्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "यार, जमेल ना?" मी म्हणालो, "खेळ तोच आहे रे, घाबरतोस काय!" दुसऱ्या दिवशी मी जाळीबाहेर उभा होतो. पहिला पास त्याच्या स्टिकखालून निघून गेला, दुसराही. तो सवयीने चेंडूच्या उसळीची वाट बघत होता आणि उसळी येतच नव्हती. वीस मिनिटांत त्याला बाहेर बसवलं. बसमध्ये तो काही बोलला नाही. त्यानंतर त्याने चौकात फक्त क्रिकेट खेळलं.

मी त्याला चुकीचं सांगितलं होतं. खेळ तोच नव्हता.

पण सगळा दोष टर्फवर टाकणंही खरं नाही. 1983 चा क्रिकेट विश्वचषक आला, बॅट सोपी आणि हिरो जवळचे वाटू लागले. आमच्या चौकात तर टर्फ कधी आलंच नाही, तिथे मोटारी आल्या. आता सरोजिनीनगरच्या पुनर्विकासात जुन्या क्वार्टर्सच्या जागी उंच इमारती येत आहेत. आणि टर्फवरही आपण शिकलोच की. टोकियोत 41 वर्षांनी ऑलिंपिक पदक आलं, पॅरिसमध्ये पुन्हा.

प्रश्न मधल्या पायरीचा आहे. चौक ते टर्फ ही उडी एका दिवसात मारायला लावली की मुलं पडतात. भाच्याला आठवड्यातून दोनदा टर्फ मिळतं, तेही त्याची आई गाडीने तासभर नेते म्हणून. ज्याची आई नेऊ शकत नाही, त्याचं काय?

2024 च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीचा संघ दिल्लीत आला, तेव्हा भाच्याला ध्यानचंद स्टेडियमवर घेऊन गेलो. लेफ्ट-इनलाही फोन केला. तो आला, पोट सुटलेलं, हातात शेंगदाण्याची पुडी. पूर्वार्धात तो गप्प होता. मग भाच्याला म्हणाला, "बघ, तो पास यायच्या आधीच वाकलाय. हे मला कुणी सांगितलं नाही."

भाचा आता पास येण्याआधी वाकतो. जुनी स्टिक आम्ही परत माळ्यावर ठेवली नाही. तेल चोळून दाराच्या मागे उभी केली आहे. तुमच्याही घरात अशी एखादी असेल तर मुलांच्या हातात एकदा द्या. पुढच्या भागात भेटूच.