ज्या दुःखाचं गाणं झालं नाही

हिंद रजब हे नाव आज आपल्या अनेक घरांतल्या मुलांना ठाऊक आहे. गाझा शहरातली ही पाच वर्षांची मुलगी. 29 जानेवारी 2024 रोजी नातेवाइकांबरोबर मोटारीतून जीव वाचवायला निघाली होती. गाडीवर गोळीबार झाला. सोबतचे सगळे गेले. ती एकटी उरली आणि पॅलेस्टाइन रेड क्रेसेंटच्या कर्मचाऱ्यांशी कित्येक तास फोनवर बोलत राहिली. तिला आणायला गेलेल्या रुग्णवाहिकेतले दोघेही मारले गेले. बारा दिवसांनी तिचा देह सापडला.

त्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी एका इमारतीचा ताबा घेऊन तिला हिंदचं नाव दिलं. मे महिन्यात मॅकलमोर या अमेरिकन रॅप गायकाने त्याच नावाचं गाणं काढलं, ‘हिंद्स हॉल’. त्याची कमाई पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला देऊ, असं त्याने जाहीर केलं. 2025 मध्ये ट्युनिशियाच्या दिग्दर्शिका कौथर बेन हानिया यांनी हिंदच्या त्या फोनवरच्या खऱ्या आवाजावर चित्रपट केला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला मोठा पुरस्कार मिळाला.

हे सगळं चांगलंच झालं. आकड्यांत हरवून गेलेल्या हजारो मुलांपैकी एकीला तरी नाव मिळालं, चेहरा मिळाला. मी शिकवते त्या वर्गातल्या मुलामुलींना हे गाणं माहीत आहे. इंग्रजीच्या पेपरला घाबरणारी मुलंसुद्धा त्याचे शब्द नीट म्हणतात. एका मोकळ्या तासाला मी फळ्यावर दुसरं एक नाव लिहिलं : अल फाशर. हे कुठे आहे, म्हणून विचारलं. वर्ग गप्प. एकीने अंदाजाने ‘इराण’ म्हटलं.

अल फाशर सुदानमध्ये आहे, दारफूर प्रांतात. 15 एप्रिल 2023 रोजी, रमजानचा शेवटचा अशरा सुरू असताना, सुदानचं लष्कर आणि ‘आरएसएफ’ हे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. दोन्हींचे प्रमुख 2021 मध्ये मिळून सत्ता बळकावणारे जोडीदार. त्या भांडणात एक कोटीहून जास्त माणसं बेघर झाली. आज जगात याहून मोठं विस्थापन कुठे नाही. ऑगस्ट 2024 मध्ये अल फाशरजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं अधिकृतपणे मान्य झालं. ‘आरएसएफ’ने सुमारे दीड वर्ष शहराला वेढा घातला होता. आत अडकलेली माणसं, आपण गुरांना घालतो ती शेंगदाण्याची पेंड खाऊन राहिली. 26 ऑक्टोबर 2025 ला शहर पडलं आणि कत्तल झाली. रुग्णालयात असलेल्यांनाही सोडलं नाही.

तिथेही मशिदी आहेत, मदरसे आहेत, हिंदएवढ्या मुली आहेत. मग आपल्या मुलांच्या स्टेटसवर त्या का नाहीत?

दुःख कमी पडलं म्हणून नव्हे. गाझावर पडणाऱ्या बॉम्बशी अमेरिकेचा पैसा जोडलेला आहे. म्हणून अमेरिकेतले विद्यार्थी चिडले, अमेरिकेतला गायक बोलला आणि इंग्रजीतलं गाणं जगभर गेलं. दारफूरचं तसं झालं नाही. तिथे फोन बंद, इंटरनेट बंद, पत्रकारांना वाट नाही. गाणी सुदानकडे कमी नाहीत. एप्रिल 2019 मध्ये खार्तुममध्ये पांढरा तोब नेसलेली आला सलाह ही बावीस वर्षांची विद्यार्थिनी मोटारीच्या टपावर उभी राहून घोषणा गाताना जगाने पाहिली होती. हुकूमशहा बशीर त्याच आठवड्यात गेला. पण ते सूर अरबीत होते आणि जगाचं लक्ष काही दिवसांपुरतंच होतं.

आणखी एक कारण आहे, ते आपल्याला टोचणारं आहे. सुदानमध्ये मारणारेही कलमा वाचणारे आणि मरणारेही. तिथे बोट दाखवायला परका शत्रू सापडत नाही. शिवाय सुदानचं बरंचसं सोनं दुबईच्या बाजारात जातं. ‘आरएसएफ’ला संयुक्त अरब अमिरात शस्त्रं पुरवते, असा आरोप सुदान सरकारने आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला, मे 2025 मध्ये न्यायालयाने अधिकारक्षेत्र नसल्याचं सांगून तो दावा काढून टाकला. अमिरात हा आरोप नाकारते. आता दुबई-शारजा म्हणजे आपल्यासाठी नुसतं परदेश नाही. कोकणातल्या किती घरांची चूल तिथल्या पगारावर पेटते, किती मुलींच्या लग्नातले दागिने तिथून आले. अशा ठिकाणाबद्दल प्रश्न विचारणं सोपं नसतं.

तो प्रश्न एकाने विचारला. ऑगस्ट 2024 मध्ये, सुदानच्या युद्धातल्या अमिरातीच्या भूमिकेमुळे त्याने आपला दुबईतला ठरलेला कार्यक्रम रद्द केला. तो गायक म्हणजे मॅकलमोरच! ज्याचं गाणं आपल्या मुलांना पाठ आहे, त्याचं हे पाऊल मात्र वर्गात कुणालाही ठाऊक नव्हतं. गाणं फोनवर पोचलं; बातमी पोचली नाही.

गाणं काय करू शकतं आणि काय नाही, याचा एक जुना दाखला आहे. 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशी निर्वासितांसाठी दोन कार्यक्रम केले. सरोदवर उस्ताद अली अकबर खान आणि तबल्यावर उस्ताद अल्लारखा होते. तोवर अमेरिकेत कित्येकांनी ‘बांगलादेश’ हा शब्दही ऐकला नव्हता. एका दिवसात तो घराघरांत गेला. कार्यक्रमाचे सुमारे अडीच लाख डॉलर युनिसेफला मिळाले. पण रेकॉर्ड आणि चित्रपटाचा पैसा करांच्या भानगडीत कित्येक वर्षं अडकून राहिला. गाण्याने नाव पोचवलं. पुढचं काम चिकाटीचं होतं, ते टाळ्यांनी झालं नाही.

संगीताबद्दल आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि त्यावर निर्णय देणं माझ्या अधिकारातलं नाही. ज्या घरात गाणं चालत नाही, त्या घराचा मी आदर करते. पण ‘हे बंद कर’ एवढं म्हटल्याने मुलाच्या मनातला प्रश्न बंद होत नाही. गाण्यातून आलेली हिंद त्याच्या डोक्यात असतेच. तिच्याबद्दल त्याच्याशी कोण बोलणार? अम्मी-अब्बू बोलले नाहीत, तर व्हॉट्सॲप बोलेल. तिथे एका देशाची चित्रफीत दुसऱ्या देशाच्या नावावर आणि वर करुण सूर, असा माल सर्रास फिरतो. सूर ऐकला की डोळे भरतात आणि भरल्या डोळ्यांनी माणूस तपासत नाही. कुठून आलेली बातमी आधी पडताळून पाहा, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान कराल, ही ताकीद सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आहे. पुढे पाठवायचं बटण दाबण्यापूर्वी घरात कुणीतरी ती आठवून द्यायला हवी.

यासाठी फार काही लागत नाही. आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, नकाशा काढावा. शाळेचा ॲटलास पुरे. मुलाने ऐकलेल्या गाण्यातलं ठिकाण त्यात शोधायचं आणि मग त्याच खंडातलं, जिथलं गाणं आपल्याला माहीत नाही असं एक ठिकाण शोधायचं. तिथे काय चाललंय ते दोन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांतून वाचायचं. सदका द्यायचा तर देशातल्या कायद्यात बसणाऱ्या, हिशेब दाखवणाऱ्या संस्थेकडेच. आणि रात्री दुआसाठी हात उठतील तेव्हा गाझाबरोबर अल फाशरचंही नाव घ्यावं. मुलं विचारतील, हे कुठे आहे? मग ॲटलास पुन्हा उघडावा.