पत्र्याखालची वही

पाऊस पत्र्यावर पडायला लागतो आणि बाईंचा आवाज बुडतो. ओठ हलताना दिसतात, पण त्या ताडताडीत पुढच्या रांगेलाही काही ऐकू येत नाही. हे रोजचंच असावं. बाई खडू उचलतात, फळ्यावर शब्द लिहायला लागतात आणि एकोणीस माना एकदम वह्यांवर झुकतात. एक पोरगी कुणी न सांगता उठते, तेलाचा रिकामा डबा गळतीखाली सरकवते आणि परत जागेवर येऊन बसते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे लोकांच्या तोंडी अजून नगरच्याच, एका गावातली ही झेडपीची शाळा. शिक्षक दोन, पट अडतीस. अँगलवर पत्रे ठोकून उभं केलेलं शेड. मधे भिंत नाही, जुना फ्लेक्स टांगलाय. पहिली-दुसरीकडून बघितलं तर कुणा भावी आमदाराचा वाढदिवस. तिसरी-चौथीकडे त्याची पांढरी पाठ, तिच्यावर गुरुजींनी जिल्ह्याचा नकाशा रंगवलाय. वारा आला की अख्खा जिल्हा फुगतो.

पन्नास पावलांवर जुनी इमारत उभी आहे. दाराला बाभळीच्या काट्या लावल्यात, आतल्या भिंतीवर बाराखडी शाबूत. 2017 साली याच जिल्ह्यात निंबोडीच्या शाळेचं छत कोसळलं, मुलं गेली. तेव्हापासून तडा गेलेली भिंत दिसली की इथल्या आईबापांच्या पोटात गोळा येतो. या इमारतीचं निर्लेखन झालं ते योग्यच झालं. पण खोल्या बाद केल्याचा कागद आला, नव्या खोल्यांचा यायचाय. मधल्या काळासाठी हे शेड. तिसरीतला एकजण मला बोट दाखवून समजावतो, “ती शाळा. हे शेड.” त्याचा पहिलीचा पहिला दिवसही इथेच गेलाय.

शिक्षण हक्क कायदा प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली मागतो, आणि इमारत सर्व ऋतूंत टिकणारी. इथे सध्या एकच ऋतू आहे आणि तो सगळा आत आलाय.

मुख्याध्यापक, म्हणजे तेच गुरुजी, कपाटातून दोनशे पानी वही काढतात. पानं दमट, कडा फुगलेल्या. पत्रे, ग्रामपंचायतीकडून. अँगल, लोकवर्गणी. वेल्डिंगची मजुरी, माजी विद्यार्थी. मग दुसऱ्या वर्षाचं पान: वावटळीत उडालेले पत्रे, नवे अकरा. ताडपत्री. मुरूम. पुन्हा ताडपत्री. मधेच एका ओळीत नुसतं ‘स्वतः’ लिहिलंय. मी त्यावर बोट ठेवतो, तर ते पान उलटतात.

“सरकारी पैसा?”

“येतो ना. समग्र शिक्षाचं संयुक्त अनुदान, आपल्या पटाला वर्षाचे 25,000. त्यात खडू, लाइटबिल, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती.” ते वर बघतात. “साहेब, नव्या खोलीला हेड असतं, दुरुस्तीलाही असतं. हे तात्पुरतं कुठल्या हेडला टाकू?”

म्हणून ते वहीत. थोडं ग्रामपंचायतीचं, थोडं अनुदानातलं, थोडं पालकांच्या खिशातलं. कुठल्याही एका कार्यालयात हा आकडा पुरा दिसणार नाही. तिथे शेड फुकटात उभं आहे.

“एकूण किती झाले?”

“बेरीज नाही मारली,” गुरुजी म्हणतात. “कशाला उगाच.”

मी मोबाइलवर पहिल्या पानापासून आकडे टाकायला लागतो. चौथ्या पानावर शाई पाण्याने पसरलीय, सात की एक कळत नाही. मागून खिचडीच्या फोडणीचा वास येतो, पोरं ताटं वाजवायला लागतात.

पाऊस थांबतो. “हं, कुठे होतो आपण?” बाई विचारतात, आणि एकोणीसजण एका सुरात सांगतात.

बाहेर ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज. मुरूम आलाय, एक ट्रॉली. ड्रायव्हर दारातूनच भाडं मागतो. गुरुजी माझ्या हातातली वही घेतात आणि शर्टाच्या खिशात पेन शोधतात.