खोडदच्या तबकड्या आणि ताऱ्यांचा शिधा



इथे मिशिगनमधल्या ट्रॉयला डेट्रॉइटच्या दिव्यांपायी रात्री धड दहा तारेसुद्धा दिसत नाहीत. तरी एक प्रश्न माझ्या डोक्यात घोळत असतो: विश्वात नवीन तारे जन्माला येणं इतकं कमी का झालं? आठ ते दहा अब्ज वर्षांपूर्वी हा वेग आजच्या सुमारे दहापट होता.

याचं बरंचसं उत्तर आपल्या नारायणगावजवळच्या खोडदला मिळालं. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तारे बनतात हायड्रोजनपासून, पण इतक्या लांबच्या एकेका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संदेश फारच क्षीण असतो. म्हणून पुण्याच्या एनसीआरएतले आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर आणि सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकत्र करून सरासरी काढली.

हिशोब असा निघाला: वायू भरपूर, पण खर्च त्याहून जबरदस्त. बाहेरून नवीन वायू आला नाही तर सगळा साठा एक-दोन अब्ज वर्षांत संपणार. घरात धान्य आहे हो, पण आवकच थांबली तर चूल किती दिवस पेटणार? आवक पुरेना, म्हणून ताऱ्यांचे जन्म मंदावले, असं त्यांचं म्हणणं.

हा निबंध ऑक्टोबर २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आला. ही दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप त्याच्या महिनाभर आधी, ७ सप्टेंबरला गेले. पुणे-नाशिक रस्त्याने जाल तेव्हा पोरांना त्या तबकड्या जरूर दाखवा.